वसंतमालेची सोबत

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा रस्ता सातपूरच्या मधून जातो. एका अंगाला औद्योगिक वसाहतीतील कारखाने, दुसऱ्या अंगाला कामगारांची दाटीवाटीची घरे आणि दोहोंच्या मधे किराणा, कापड, भांडी, हार्डवेअर यांची दुकाने. यांतील कितीतरी दुकाने जैन कुटुंबांची आहेत. याच रस्त्याने पुढे गेले, की त्र्यंबकेश्वराच्या अलीकडे डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर दिसू लागतो. डोंगरात जैन लेणी आहेत आणि पायथ्याच्या गावात जुन्या मंदिरांचे भग्नावशेष आहेत. तेथील एका जैन मंदिरातील शके १०६३ चा शिलालेख यादववंशीय सेउणचंद्राच्या काळातील असून त्यात मंदिरासाठी दिलेल्या दुकानांच्या दानाची नोंद आहे. व्यापार करावा आणि त्यातला वाटा धर्माकडे वळवावा, ही या परिसरातील रीत जवळजवळ नऊशे वर्षांची आहे.

हा डोंगर अंजनीचा आणि हनुमंताचा जन्म येथलाच, अशी लोकांची श्रद्धा आहे. जैन रामकथेत अंजनासतीचे आख्यान फार करुण आहे. विवाहानंतर बावीस वर्षे पती पवनंजयाने तिच्याकडे पाठ फिरवली. पुढे युद्धाला निघालेला असताना त्याचे मन पालटले आणि तो एका रात्री गुप्तपणे येऊन तिला भेटून गेला. अंजना गर्भवती राहिली, तेव्हा सासू केतुमतीने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि तिला घराबाहेर काढले. माहेरी पित्यानेही दार उघडले नाही. अशी दोन्ही घरांना पारखी झालेली ती अरण्यातील गुहेत प्रसूत झाली. प्रवचनांत हे आख्यान सांगताना अंजनेच्या शीलाचा आणि तिच्या पूर्वकर्माचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. मात्र त्या गुहेत आणखी एक स्त्री होती, तिच्याकडे श्रोत्यांचे लक्ष क्वचित जाते. ती वसंतमाला, काही ग्रंथांत तिचे नाव वसंततिलका असे येते. ती अंजनेची सखी. तिच्यावर कोणताही आळ नव्हता, तिला कोणी घालवून दिले नव्हते. तरीही ती अंजनेबरोबर वनात गेली आणि बाळ जन्माला येईपर्यंत तिच्याजवळून हलली नाही. दोन्ही कुळांनी जे केले नाही, ते एका सखीने केले.

हे आख्यान आठवण्याचे कारण सातपूरच्याच एका घरात घडले.

त्या घराचे भांड्यांचे दुकान आहे. घरात ऐंशी ओलांडलेल्या आजेसासूबाई आहेत, त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. त्यानंतर सासू-सासरे, दुकान पाहणारा मुलगा आणि त्याची पत्नी. सून मालेगावची. वाणिज्य शाखेची पदवीधर, दुकानाचा जीएसटीचा हिशोब तिच्याच हातात. ती कॉलेजात असतानाच तिची आई गेली. पहिले बाळंतपण माहेरी करावे, ही रूढी सर्वांनाच मान्य होती. पण ज्या माहेरी आई नाही, तेथे वडील आणि अविवाहित भाऊ काय करणार? म्हणून बाळंतपण सासरीच करायचे ठरले. डोहाळजेवण थाटात झाले. डिंक, खारीक, गोडंबी, अळीव यांची यादी झाली, शेक-मालिशीसाठी बाई ठरली, पाळणा आला. व्यापारी घर, सामानात काही कमी पडणे शक्य नव्हते.

आठव्या महिन्यात तपासणीला गेल्यावर डॉक्टर बाईंनी एक प्रश्न विचारला, “कळा सुरू झाल्यापासून एक बाई हिच्याजवळ आत थांबू शकेल. कोण थांबणार, ते ठरवून ठेवा.”

त्या रात्री जेवणानंतर घरात हा विषय निघाला. नणंद पुण्याला, तिच्या मुलांच्या परीक्षा. मावशी हृदयविकाराने त्रस्त. मैत्रीण मुंबईला नोकरीत. सासरे वर्तमानपत्र उलगडून बसले, मुलगा खाली पाहू लागला. शेवटी सगळ्यांच्या नजरा एका ठिकाणी वळल्या. आणि जिच्याकडे त्या वळल्या, ती सासू काही न बोलता उठली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. सुनेने त्या उठण्याचा अर्थ आपल्या परीने लावला. आईवाचूनच्या मुलीला असे अर्थ फार लवकर लावता येतात.

अर्थ चुकीचा होता. अडतीस वर्षांपूर्वी ही सासू पहिलटकरीण होती. एका रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात तिला नेले आणि दार बंद झाले. आई, सासू, काकू सगळ्या जिन्यात बसून होत्या. आत येण्याची कोणालाच परवानगी नव्हती आणि ती मागावी, हेही कोणाला सुचले नव्हते. रात्रभर ती एकटी होती. ओरडली तेव्हा रागावणे कानी आले. गप्प बसली तेव्हा कोणी आलेच नाही. पहाटे मुलगी झाली, पण ती रडली नाही. काय झाले, हेही तिला बऱ्याच उशिराने कळले. घरी आल्यावर वडीलधाऱ्यांनी ‘कर्माचा उदय’ म्हणून समजूत घातली आणि तो विषय कायमचा मिटवला. पुढे मुलगा झाला, मुलगी झाली, संसार बहरला. परंतु प्रसूतिकक्षाच्या दाराची तिला बसलेली धास्ती गेली नाही. स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणातही तिला आत थांबण्याची परवानगी मिळाली होती. ती मात्र बाहेरच्या बाकावर नवकारवाळी ओढत बसून राहिली. मुलीने कधी विचारले नाही, आईने कधी सांगितले नाही.

असे अनुभव आपल्या घराघरांत आहेत. ते कोणाच्या दुष्टपणामुळे आलेले नाहीत. पूर्वी बाळंतपण घरी होत असे. अंधारी खोली, सुईण आणि भोवती चार अनुभवी बायका. त्या काळी माता आणि बालके फार दगावत, म्हणून बाळंतपण रुग्णालयात नेले गेले आणि ते उत्तमच झाले. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या वेळी देशातील जेमतेम एक चतुर्थांश बाळंतपणे रुग्णालयांत होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण देशात ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्क्यांपर्यंत पोहोचले. सातपूरमध्ये त्र्यंबक रस्त्यावर कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, खासगी प्रसूतिगृहे आहेत. आज कोणी घरी बाळंत होण्याचा विचारही करीत नाही. या स्थित्यंतरात सुरक्षितता जमेला आली, पण एक गोष्ट नकळत खर्ची पडली. ती म्हणजे सोबत. घरातल्या खोलीत बाळंतिणीजवळ जी मावशी, काकू, आत्या बसत होती, ती रुग्णालयाच्या जिन्यात बसू लागली.

ही सोबत केवळ भावनेची बाब आहे काय, हे वैद्यकाने तपासून पाहिले आहे. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी ग्वाटेमालातील सहकाऱ्यांबरोबर तेथील एका गर्दीच्या रुग्णालयात केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. काही पहिलटकरणींजवळ एक अनोळखी पण मायाळू स्त्री अखेरपर्यंत बसली, इतरांजवळ नेहमीप्रमाणे कोणी नव्हते. रुग्णालयात दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत एकट्या स्त्रियांना सरासरी १९.३ तास लागले, सोबत असलेल्यांना ८.८ तास.

याहून विलक्षण अभ्यास अमेरिकेतील ह्यूस्टन येथला, १९९१ चा. तेथे तीन गट होते. एका गटाला प्रशिक्षित सोबतीण मिळाली. तिने हात धरला, धीर दिला, काय चालले आहे ते समजावून सांगितले. दुसऱ्या गटाच्या खोलीत एक स्त्री केवळ नोंदी घेत कोपऱ्यात बसली. ती बोललीही नाही. तिसऱ्या गटाला नेहमीचीच व्यवस्था. शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्याचे प्रमाण तिसऱ्या गटात १८ टक्के, पहिल्यात ८ टक्के आणि ज्यांच्या खोलीत ती मुकी स्त्री बसली होती त्यांच्यात १३ टक्के निघाले. एका न बोलणाऱ्या माणसाचे नुसते असणेही वाया जात नाही, असे हे आकडे सांगतात.

अशा निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित ताळेबंद कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये मांडला. त्यात १७ देशांतील २६ चाचण्या आणि १५,००० हून अधिक स्त्रियांची माहिती आहे. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढले, शस्त्रक्रियेची शक्यता सुमारे एक चतुर्थांशाने घटली, कळांचा काळ सरासरी ४० मिनिटांनी कमी झाला, वेदनाशामक औषधांची गरज कमी भासली आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असे सांगणाऱ्या स्त्रियांची संख्या जवळजवळ एक तृतीयांशाने उतरली. सोबतीमुळे कोणतेही नुकसान झाल्याचे आढळले नाही. हिशोब प्रामाणिक हवा, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: नवजात अतिदक्षता विभागात दाखल कराव्या लागणाऱ्या बाळांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. सोबत म्हणजे वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे. ती उपचारांच्या जोडीला उभी राहते.

याची कारणे शरीरातच आहेत. कळा आणणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक निर्धास्त मनःस्थितीत चांगले स्रवते. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, स्नायू ताठरतात, कळांचा जोर मंदावतो आणि वेदना अधिक जाणवते. वेदना वाढली की भीती आणखी वाढते. हे चक्र औषधाने तोडता येते, तसेच ओळखीच्या हाताच्या स्पर्शानेही ते सैल होते. जुन्या बायकांना संप्रेरकांची नावे ठाऊक नव्हती, पण ‘घाबरली की अडते’ एवढे त्यांना नक्की ठाऊक होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत प्रसूतीच्या संपूर्ण काळात मिळावी, अशी शिफारस केली. त्याआधीच, २०१६ मध्ये, भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांत अशी सोबत देण्याचे धोरण स्वीकारले आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेच्या कसोट्यांत त्याचा समावेश झाला. सोबत करणारी शक्यतो घरातील, स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली स्त्री असावी. तिला संसर्गजन्य आजार नसावा. कपडे स्वच्छ असावेत. अखेरपर्यंत थांबण्याची तिची तयारी असावी. तिने डॉक्टर-परिचारिकांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि इतर बाळंतिणींकडे जाऊ नये, अशा साध्या अटी आहेत. जेथे पुरेसा आडोसा आहे, तेथे पतीलाही थांबता येते. एक पडदा, एक खुर्ची आणि एक स्वच्छ झगा. याहून अधिक भांडवल या कामाला लागत नाही.

सातपूरच्या त्या घरात मात्र प्रश्न भांडवलाचा नव्हता. चार दिवस सासू गप्प होती. पाचव्या दिवशी दुपारी सून तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “मम्मी, तुम्हाला नाही जमलं तर राहू द्या. मी एकटी जाईन.”

‘एकटी’ हा शब्द सासूच्या जिव्हारी लागला. तिने सुनेला जवळ बसवून घेतले आणि अडतीस वर्षांत जे कोणाला सांगितले नव्हते, ते सांगितले. जिन्यात बसलेल्या बायका, बंद दार, न रडलेली मुलगी. सांगून झाल्यावर दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग सासू म्हणाली, “भीती मला वाटते बेटा, तुझ्यासाठी जमणार नाही असं नाही. मी येईन.”

शेजारच्या एका बाईंनी सूतकाची शंका काढली. प्रसूतिकक्षात जाऊन बसायचे म्हणजे विटाळ, पूजा बंद. सूतकाच्या दिवसांची गणना पंथापंथांत वेगळी असली, तरी मर्यादा सगळेच पाळतात. तिचे उत्तर आजेसासूबाईंनी दिले, “सूतक घराला लागायचं ते लागणारच आहे. बाहेर बाकावर बसलं म्हणून ते चुकत नाही. आत बसलीस तर तेवढ्याच सुतकात पुण्य पण पदरात पडेल.” बाईंचा हा व्यवहार कोणालाच खोडता आला नाही.

मग तयारी सुरू झाली. सासूने माल पारखून घ्यावा तशा चौकशीने परिचारिकेला सगळे विचारून घेतले. कळ आली की कमरेच्या खालच्या भागावर तळव्याने कसा दाब द्यावा, कळ ओसरली की दोन घोट पाणी कधी द्यावे, झोपवून न ठेवता हळूहळू चालवावे केव्हा, कूस कशी बदलावी, श्वास सावकाश घ्यायला कसे सांगावे. काय करू नये, हेही परिचारिकेने सांगितले. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणू नये. ‘किती ओरडतेस’ म्हणू नये. भोवती मोबाईल चालू ठेवू नये. मुलगा होणार की मुलगी, याची चर्चा करू नये. डॉक्टरांच्या प्रत्येक हालचालीवर शंका काढू नये, पण काय चालले आहे ते बाळंतिणीच्या वतीने नम्रपणे विचारावे. सासूने हे सगळे दुकानाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहून घेतले.

मार्गशीर्षातल्या एका रात्री अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या. प्रसूतिकक्षाच्या दारापाशी सासूचे पाय क्षणभर थबकले. सुनेने मागे वळून पाहिले आणि दोघी आत गेल्या. पुढचे नऊ तास सासू त्या खोलीतून दोन वेळाच बाहेर आली. तिने कमर चोळली, केस बांधले, ओठ ओले केले. सुनेला नवकार म्हणायचा होता, पण कळ आली की शब्द तुटत. तेव्हा तुटलेल्या ठिकाणापासून सासू तो पुढे हळूच म्हणे. पहाटे सून रडू लागली आणि “मला माझी आई पाहिजे,” म्हणाली. अशा वेळी काय बोलावे, हे वहीत लिहिलेले नव्हते. सासूने फक्त तिचे डोके आपल्या छातीशी धरले.

सकाळी आठच्या सुमारास बाळाचे ठोके मंदावू लागले. डॉक्टर बाईंनी वेळ न दवडता शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. शस्त्रक्रियागृहात सासूला जाता येणार नव्हते. तिने एवढेच विचारले, “बाळ झालं की तिला लगेच सांगाल ना? काहीही झालं तरी सांगाल ना?” परिचारिकेने मान डोलावली. मग ती सुनेच्या कानाशी वाकून म्हणाली, “मी दारातच उभी आहे.” आणि ती खरोखर उभीच राहिली; मुलाने खुर्ची आणून दिली, तरी बसली नाही.

मुलगी झाली. दाराबाहेरपर्यंत ऐकू येईल अशी ती रडली. ते रडणे ऐकल्यावर सासू प्रथमच भिंतीला टेकून खाली बसली.

येथे कोणी विचारील, की शस्त्रक्रिया टळली नाही, मग नऊ तासांच्या सोबतीने साधले काय? महाराष्ट्रात आज सुमारे चारांतील एक बाळ शस्त्रक्रियेने जन्माला येते. कधी ती टाळता आली असती, कधी तिनेच दोन जीव वाचतात. या घरात तिने बाळ वाचवले. सोबतीचा उपयोग केवळ प्रसूती कशी झाली, यावर मोजला तर हिशोब अपुरा राहील. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वस्तीतल्याच साध्यासुध्या, कोणतेही वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्त्रियांनी सोबत केली होती. तेथे कळांचा काळ फारसा घटला नाही. परंतु सोबत मिळालेल्या मातांना आपण प्रसंग चांगला निभावला असे वाटले, त्यांच्यातील अधिक जणी सहा आठवड्यांनंतरही बाळाला अंगावर पाजत होत्या आणि त्यांच्यात खिन्नतेची लक्षणे कमी आढळली. बाळंतपणानंतरची उदासीनता हा आपल्या घरांत लपवला जाणारा आजार आहे. ‘एवढं सगळं असताना रडायला काय झालं?’ असे ज्या सुनेला विचारले जाते, तिला त्या रात्री एकटे सोडले होते का, हेही कधी तरी विचारून पाहावे.

या घरातील सुनेने मैत्रिणींना आपल्या बाळंतपणाची हकिगत सांगताना टाक्यांचे दुखणे सांगितले, घाबरल्याचे सांगितले आणि शेवटी म्हणाली, “पण मम्मी होत्या.” सासूने बाराव्या दिवशी पुण्याला मुलीला फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, “तुझ्या वेळी मी आत यायला हवं होतं गं.” पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग मुलगी म्हणाली, “मी वाट पाहिली होती, आई.” इतक्या वर्षांची ती उधारी त्या एका वाक्याने फिटली असे म्हणता येणार नाही, पण खाते निदान उघडले गेले.

जैन परंपरेला हा विचार नवा नाही. पर्युषणात जन्मवाचन ऐकताना आणि स्नात्रपूजेत सहभागी होताना छप्पन्न दिक्कुमारिकांचा उल्लेख प्रत्येकाने ऐकला आहे. तीर्थंकरांचा जन्म होताच त्या दाही दिशांकडून येतात, जागा झाडून स्वच्छ करतात, सुगंधी जल शिंपडतात, दर्पण, कलश, पंखे आणि दीप घेऊन मातेजवळ उभ्या राहतात, नाळेचे आणि स्नानाचे काम करतात. मेरुपर्वतावरील इंद्रांचा महोत्सव त्यानंतरचा. आधी मातेची सेवा. ज्या मातेच्या पोटी त्रिलोकाचा नाथ जन्मला, तिलाही परंपरेने एकटे ठेवलेले नाही. आपण मात्र स्नात्रपूजेत दिक्कुमारिकांची वेशभूषा मुलींकडून हौसेने करवून घेतो आणि घरातली प्रत्यक्ष माता प्रसूतिकक्षात शिरली, की बाहेर पेढ्यांची चौकशी करू लागतो.

वैयावृत्त्य हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक तप. साधु-साध्वींची, ग्लानांची, वृद्धांची सेवा असा त्याचा शास्त्रातील अर्थ. पण ज्या मनाला ही सेवा तप वाटते, ते मन वेदनेत असलेल्या कोणत्याही जीवाजवळ बसताना कचरणार नाही. जीवांनी एकमेकांच्या उपकारी पडावे, हे तत्त्व तर आपल्या जैन प्रतीकाच्या खालीच लिहिलेले असते.

सातपूरमध्ये हे काम आपल्या घरांपुरते थांबण्याचे कारण नाही. अशोकनगर, श्रमिकनगर, शिवाजीनगर या भागांतील एका खोलीच्या घरांत खानदेश, मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेली तरुण जोडपी राहतात. पती कारखान्यात पाळीवर, आई शेकडो कोस दूर. कळा सुरू झाल्यावर त्या मुलीजवळ बसायला कोणी नसते. आपल्याच दुकानातून त्या घरात पीठ-मीठ जाते. महिला मंडळांनी अनुभवी, निरोगी आणि वेळ देऊ शकणाऱ्या दहा-बारा भगिनींची यादी केली, एखाद्या डॉक्टर बाईंकडून त्यांना एक दिवस समजावून घेतले, वस्तीतील आशाताईंकडे ती यादी दिली आणि रुग्णालयाच्या परवानगीने, बाळंतिणीच्या इच्छेने त्या जाऊ लागल्या, तर कितीतरी मुली त्या रात्री एकट्या राहणार नाहीत. साड्या आणि फळे वाटण्यापेक्षा हे दान अवघड आहे, कारण त्यात स्वतःची रात्र द्यावी लागते.

ज्या घरांत येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे, त्यांनी डिंक-खारकेच्या यादीबरोबर आणखी एक ओळ लिहावी: आत कोण जाणार? रुग्णालयात नाव घालताना सोबतीची परवानगी आहे का, हे विचारून घ्यावे. नसेल तर ती नम्रपणे मागावी. कोण हवे, हे आधी त्या मुलीला विचारावे. सासू असो, आई असो, वहिनी असो वा पती, निवड तिचीच असू द्यावी. आणि जिला ती निवडील, तिने आपले काम त्या रात्रीपुरते बाजूला ठेवावे.

अंजनेरीच्या गावात आज त्या जुन्या दानाचा दगड उरला आहे, पण ती दुकाने कोठे होती हे कोणी दाखवू शकत नाही. वसंतमालेने तर दगडावर काही कोरूनही ठेवले नाही. ती एका रात्री एका सखीजवळ बसून राहिली आणि तेवढ्यावर शेकडो वर्षे तिचे नाव कथेत टिकले आहे. सातपूरच्या त्या घरातली नात आता रांगू लागली आहे. दुकानाच्या जुन्या वहीतले ते पान सासूने फाडले नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या एका घरी सून सात महिन्यांची गरोदर आहे. गेल्या आठवड्यात ती वही तिकडे गेली.